योगा क्लासला विषय कसा निवडता? (थीम म्हणा हवं तर)

पहाटवारा

नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. मी कोल्हापुरात राजारामपुरीत योगाच्या दोन बॅच घेते. सकाळी सहाची बायकांची, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या, आणि संध्याकाळी सातची मिक्स, तिच्यात बँकवाले आहेत, शाळेतल्या बाई आहेत, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर दिवसभर उभे राहणारे सुपरवायझर आहेत आणि परीक्षा जवळ आली की गायब होणारी कॉलेजची पोरं आहेत.

तर प्रश्न असा. नुसतं ताडासन, त्रिकोणासन, भुजंगासन, शवासन, चला घरी असं न होता तासाभराला एक सूत्र असावं असं मला वाटतं. त्याला धरून आसनं निवडायची, सूचना द्यायच्या, शेवटी शवासनात दोन वाक्यं बोलायची. पण हे विषय आणायचे कुठून? नेटवर शोधलं की ज्या याद्या मिळतात त्या सगळ्या थंड मुलखातल्या. 'पानगळ आली, जुनं गळू द्या.' अहो आमच्याकडं ऑक्टोबरात घाम गळतो, मग उसाला तोड येते, पानं कुठली गळतायत. नाहीतर 'स्वतःवर प्रेम करा'. हे सकाळच्या बॅचला सांगितलं तर पहिल्या रांगेतल्या काकू लगेच म्हणतील, मॅडम ते ऱ्हाऊ दे, आधी माझ्या गुडघ्याचं बघा.

सध्या मी दोनच गोष्टी तपासते. विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे, आणि सांगितल्यावर पाच मिनिटांत तो अंगात कुठंतरी करता आला पाहिजे, पायात, श्वासात, खांद्यात, कुठंही. 'कृतज्ञता' चांगली गोष्ट आहे पण त्रिकोणासनात उजव्या पायानं कृतज्ञता कशी करायची हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुम्ही कसं करता? शिकवणाऱ्यांनी लिहाच, पण शिकणाऱ्यांनीही लिहा, समोर बसून तुम्हाला काय आवडतं आणि कशाचा वैताग येतो.

चिकित्सक

स्पष्ट लिहितो, रागावू नका. थीम लग्नाच्या हॉलला असते. आसन नीट शिकवा, श्वास नीट शिकवा, लोकांचे पैसे वसूल. कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली तेव्हा त्यांना योगातल्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत मोजून बघायचं होतं, आणि आपण शंभर वर्षांनी रील बघून 'आजची थीम' ठरवतोय. २१ जूनला, योग दिनाला पण दरवर्षी एक घोषवाक्य येतं, २०२४ ला 'स्वतःसाठी आणि समाजासाठी योग' होतं, २०२५ ला 'एक पृथ्वी, एक आरोग्य'. फ्लेक्सवर छान दिसतं. मैदानात करतात काय तर तोच ठरलेला ४५ मिनिटांचा क्रम. बाकी चालू द्या, हलकेच घ्या.

तालमीतला_गडी

चिकित्सक दादा, निम्मं बरोबर हाय तुमचं. पण आमच्या वस्तादांनी थीम हा शब्द जन्मात ऐकला नसंल तरी रोज पहाटं आखाड्यात उतरायच्या आधी एक शब्द टाकायचे. 'आज मान.' बास. मग जोर मारताना मान, बैठकीत मान, जोडीला लढताना बी डोकं कुठं जातंय ते बघायचं. दुसऱ्या दिवशी 'आज पंजा', की दिवसभर पायाचा पंजा मातीत कसा रुततोय तेवढंच. कुणी भाषण न्हाई, कुणी डोळे मिटून बसा न्हाई. एक शब्द टाकला की डोकं दुसरीकडं जात न्हवतं एवढं मातर खरं. आता ह्याला थीम म्हणत्यात का काय ते तुम्ही ठरवा.

पहाटवारा

तालमीतले दादा, सोन्यासारखा प्रतिसाद. मला हेच म्हणायचं होतं आणि ओळीच्या ओळी लिहूनही नीट जमलं नाही. 'आज पंजा' हा मी ऐकलेल्या कुठल्याही थीमपेक्षा चांगला विषय आहे.

चिकित्सक, रागावले नाही. पण बघा, क्रम ठरलेला असला तरी लक्ष कुठं द्यायचं ते ठरलेलं नसतं ना. तेच वृक्षासन एक दिवस पायासाठी घेता येतं, एक दिवस नजरेसाठी, एक दिवस श्वासासाठी. आसन बदललं नाही तरी तास बदलतो.

दोरी_खुर्ची

मी पुण्यात अय्यंगार पद्धतीनं शिकले, आता ताराबाई पार्कात राहते, शिकवत नाही, अजून शिकतेच आहे. आमच्याकडं रोज नवा विषय वगैरे भानगड नव्हती, आठवड्याचं चक्र असायचं. महिन्याचा पहिला आठवडा उभ्यानं करायची आसनं, दुसरा पुढं वाकायची, तिसरा मागं वाकायची, चौथा आरामाची आसनं आणि प्राणायाम. ते इतकं अंगवळणी पडतं की तिसरा आठवडा आला की लोकांना आपोआप कळतं आज मागं वाकायला खुर्च्या काढायच्यात. त्या चक्राच्या आत बाईंचा विषय असायचा, पण तो इतका बारीक की सांगून खरं वाटणार नाही. एकदा अख्खा तास मागच्या पायाच्या टाचेची बाहेरची कड. वीरभद्रासन, पार्श्वकोनासन, अर्धचंद्रासन, सगळीकडं तीच कड. पहिली वीस मिनिटं मला कळेचना बाई काय म्हणतायत, मग पार्श्वकोनासनात ती कड खाली दाबली आणि कंबरेतून वरपर्यंत काहीतरी उघडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी रस्त्यानं चालताना पण लक्ष टाचेकडंच.

म्हणून माझं मत, विषय जितका लहान तितका लक्षात राहतो. 'जमिनीशी नातं' म्हणण्यापेक्षा 'टाचेची बाहेरची कड' म्हणा.

सांधेवाली

फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळं जरा वेगळ्या कोनातून लिहिते. विषय आधी आणि माणसं मागून, असं झालं की घोटाळा होतो. उदा. कुणीतरी ठरवतं आज 'हृदय उघडा', मग ओघानंच उष्ट्रासन, चक्रासन, धनुरासन येतं, आणि समोर पन्नाशीच्या पुढच्या बायका आहेत ज्यांच्यातल्या काहींची हाडं ठिसूळ झालेली आहेत, कुणाला बीपी, कुणाला काचबिंदू. विषयाच्या मागं धावताना शिकवणाऱ्याला भान राहत नाही.

पहाटवारा ताई, तुमच्या सकाळच्या बॅचसाठी मी आधी 'काय नको' ते लिहून काढीन. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून खोल वाकणं आणि जोरात पीळ देणं नको, म्हणजे पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला लावायचा हट्ट सोडायचा. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. बीपी असेल तर श्वास रोखून धरणं नको, जोरजोरात कपालभाती तर नकोच. हे सगळं वगळून जे उरतं त्यातून विषय निवडा, आणि खूप उरतं हो. तोल हा एकच विषय घेतला तरी त्या वयात त्याच्याइतका उपयोगी दुसरा नाही, कारण पडलं की हाड मोडतं आणि तिथून सगळं चक्र सुरू होतं.

संध्याकाळच्या बॅचचं तर सोपं आहे. बँकवाल्यांची जांघ पुढून आखडलेली असणार, बसून बसून. फौंड्रीवाल्यांच्या पोटऱ्या आणि तळपाय. एक आठवडा जांघ, एक आठवडा तळपाय. लोक स्वतः येऊन सांगतील फरक पडला म्हणून.

पहाटवारा

सांधेवाली ताई, प्रतिसाद कॉपी करून ठेवलाय. तळपायाचा तास मी घेतलेला आहे, कसा ते लिहिते म्हणजे नवीन शिकवणाऱ्यांना उपयोग होईल.

सुरुवातीला उभं राहून फक्त तीन जागा शोधायच्या. टाच, अंगठ्याच्या मुळाशी असलेली गादी आणि करंगळीच्या मुळाशी असलेली गादी. तिन्हीवर वजन सारखं आहे का? बहुतेकांचं टाचेवर असतं, आणि जे रोज एकाच पायावर रेलून उभे राहतात त्यांचं एका बाजूला. मग बोटं उचलायची, पसरायची, एकेक करून खाली ठेवायची. करंगळी काही केल्या एकटी हलत नाही, त्यावरून हशा पिकतो, पिकू द्यावा. मग ताडासन, उत्कटासन, वीरभद्रासन, वृक्षासन, प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा, तिसरी जागा कुठं गेली? वृक्षासनात ज्यांचा तोल जातो त्यांची करंगळीकडची बाजू नाहीतर अंगठ्याकडची बाजू उचललेली असते, आणि ते त्यांना स्वतःला दिसतं, मला सांगावं लागत नाही. सकाळच्या बॅचला वृक्षासन भिंतीपासून वीतभर अंतरावर, पडायची भीती नको म्हणून. शेवटी शवासनाच्या आधी हातानं तळवे चोळायचे. शवासनात मी एकच वाक्य बोलते, दिवसभर तुम्हाला उचलून नेणारे पाय आता सुट्टीवर आहेत. त्यावर एकदा फौंड्रीतले दादा घोरायलाच लागले.

निपाणीच्या_मावशी

मी शिकणाऱ्यांतली. दहा-बारा वर्षं वेगवेगळ्या क्लासला गेले आहे, म्हणून अधिकारवाणीनं सांगते, बाई फार बोलतात. एका ठिकाणी तर सुरुवातीची पंधरा मिनिटं विषय समजावण्यातच जायची आणि आम्ही मांडी घालून पाय बधिर करून बसलेलो. मग आसनात असताना पण चालूच, 'आता अनुभवा, आपल्या आतली शांतता', अहो तुम्ही बोलायचं थांबलात तर अनुभवू की.

हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात पहिल्याच उपदेशात, म्हणजे अध्यायात, सांगितलंय की सहा गोष्टींनी योग बिघडतो, अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य. त्यातलं प्रजल्प म्हणजे फार बडबड. आमच्या घरी हा श्लोक मी जेवताना टीव्ही बघणाऱ्यांना ऐकवते, पण खरं तर तो शिकवणाऱ्यांसाठी चिकटवून ठेवायला पाहिजे.

पहाटवारा

मावशी 😄 हा श्लोक मीच माझ्या हॉलच्या दारावर लावते.

खरंच आहे. माझा नियम आता असा, विषय सुरुवातीला एका वाक्यात, मध्ये आसनांच्या सूचनांतून, शवासनात एकदा. बाकी गप्प. आणि श्लोक सांगायचा तर एकच, अर्थासकट, परीक्षा घेतल्यासारखा नाही.

महाद्वारवाला

कोल्हापूरचाच विषय घ्यायचा तर किरणोत्सव घ्या की ओ ताई. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि परत ९, १०, ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. सरळ तीन दिवसांचा क्लास झाला. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा. संध्याकाळची बॅच असेल तर वेळ पण जवळपास जुळते. मी योगा करत नाही पण हे वाचताना डोक्यात आलं, चुकीचं असेल तर सोडून द्या.

दोरी_खुर्ची

चुकीचं कसलं, एकदम भारी सुचलंय! आणि तिसऱ्या दिवशी चेहरा घ्यायला किती आहे. जबडा सैल, जीभ टाळूवरून खाली, कपाळ, डोळ्यांचे व्यायाम, मान, भ्रामरी. चेहऱ्यावर कुणी तास घेतच नाही.

सांधेवाली

+१. संध्याकाळच्या बॅचला जबड्याची फार गरज आहे. दात आवळून गाडी चालवतात सगळे.

चिकित्सक

कल्पना चांगली आहे हे मान्य करतो (नोंद घ्यावी). पण शंका, आणि ही कुत्सित नाही. कधी ढग येतात, कधी किरणं कमरेपर्यंतच येऊन थांबतात, मग तिसऱ्या दिवशी क्लासला काय सांगणार? आणि दुसरी, जास्त महत्त्वाची. क्लासमध्ये सगळे देवीचे भक्त असतीलच असं नाही. तुमच्या बॅचला दुसऱ्या धर्माचं कुणी येत असेल तर त्यांना अवघडल्यासारखं होत नाही का? ओंकारावरून सुद्धा लोकांना वाटतं पण बोलत नाहीत.

पहाटवारा

पहिल्या शंकेचं उत्तर, ढग आले तरी लोकांना चेहरा असतो की. 🙂

दुसरी शंका खरी आहे आणि मी त्यावर खूप विचार करते. सकाळच्या बॅचला सदर बाजारातल्या एक भाभी येतात, सूर्यनमस्कार उत्तम घालतात, मंत्र म्हणत नाहीत, आणि मी त्यांना कधी विचारलेलं नाही, त्यांनीही सांगितलेलं नाही. माझं असं आहे की विषय अंगातला असेल तर त्याची गोष्ट सांगायची का नाही हे बॅच बघून ठरवता येतं. किरणोत्सव मी सकाळच्या बॅचला नाव घेऊन सांगेन, कारण तो गावाचा सोहळा आहे आणि भाभींना पण त्याची माहिती आहे, सगळ्या कोल्हापूरला आहे. पण 'आता देवीला मनातल्या मनात नमस्कार करा' असं म्हणणार नाही. पाय, छाती, चेहरा, एवढं पुरतं. ज्यांना नमस्कार करायचा त्या करतातच. ओंकाराचं पण तसंच, मी म्हणते, ज्यांना नको त्यांनी भ्रामरीसारखा नुसता 'म' घुमवावा. रमझानच्या महिन्यात भाभी रोज्यात असल्या तरी येतात, तेव्हा त्यांना घाम काढणारं काही देत नाही, आणि बाकीच्यांना ते 'आरामाचा आठवडा' म्हणून आवडूनच जातं.

जयसिंगपूरची

मला इथं थोडी भर घालायची आहे. आमच्या भागात दिगंबर जैन समाज खूप, आणि भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस असतात. क्षमा, मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम, तप, त्याग, आकिंचन्य, ब्रह्मचर्य. रोज एक. मी गेल्या वर्षी शेजारणींच्या ग्रुपला तेच घेतलं. आर्जवाच्या दिवशी पाठीचा कणा सरळ, दंडासनात भिंतीला टेकून. मार्दवाच्या दिवशी हाताच्या मुठी, जबडा, पोट, जिथं जिथं आपण नकळत आवळून धरतो तिथं सैल सोडायचं. संयमाच्या दिवशी आसन जिथवर जातं त्याच्या थोडं अलीकडं थांबायचं, हे सगळ्यांना सगळ्यात अवघड गेलं. ब्रह्मचर्याच्या दिवशी सरळ ध्यान आणि प्राणायाम घेतलं, चर्चा नको. 😅

आणि ज्या बॅचला जैन नाहीत तिथंही चालतं, कारण पतंजलीच्या योगसूत्रांतले पाच यम आणि आमची पाच व्रतं नावानिशी तीच आहेत, अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. पतंजलीनी दुसऱ्या पादात त्यांना महाव्रतच म्हटलंय, जात, देश, काळ कशाचाही अपवाद नसलेलं.

पहाटवारा

अगं काय सुंदर! संयमाचा दिवस तर मी पळवणार.

मी नवरात्रात असंच केलं होतं, ते पण लिहून टाकते. योगसूत्रांत पहिल्या पादात ३० व्या सूत्रात नऊ अंतराय सांगितलेत, म्हणजे साधनेत आडवे येणारे. व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व, अनवस्थितत्व. नऊ दिवस, नऊ अंतराय, रोज एकाशी गाठ. बऱ्याच जणींचे उपवास असतात म्हणून तास हलका ठेवला. संशयाच्या दिवशी एका पायावर उभं राहायचं, भिंत हाताच्या अंतरावर पण हात लावायचा नाही. प्रमादाच्या दिवशी नेहमीचा क्रम न सांगता बदलला, डावीकडून सुरू केलं, आणि निम्म्या जणी सवयीनं उजवीकडंच वळल्या. भ्रांतिदर्शनाच्या दिवशी डोळे मिटून दोन्ही हात बाजूला खांद्याच्या रेषेत आणायला सांगितले आणि मग म्हटलं उघडा डोळे. कुणाचा एक हात वर, कुणाचे दोन्ही खाली. एक काकू स्वतःच्या हाताकडं बघून म्हणाल्या, 'मी तर एकदम सरळ धरलो होतो की ओ मॅडम!' त्या दिवसानंतर 'माझा हात सरळच आहे' असं वाद घालणं बंद झालं.

आणि गंमत म्हणजे पाचवा अंतराय आलस्य, तो नेमका ललिता पंचमीला आला. त्या दिवशी निम्मी बॅच त्र्यंबोलीच्या टेकडीवर, यात्रेला. आळशी म्हणायचं कुणाला, आलेल्यांना का गेलेल्यांना?

तालमीतला_गडी

😂😂 आम्ही टेकडीवरच हुतो त्या दिवशी.

चिखलीकर

धागा चांगला चाललाय, एक गंभीर गोष्ट लिहितो. आम्ही प्रयाग चिखलीचे, पाणी आलं की पहिलं आमच्याकडं. २०१९ ला आणि परत २०२१ ला घर सोडून आलो. त्यातल्या एका पुराच्या वेळी बहिणीकडं शहरात राहत होतो तेव्हा तिच्याबरोबर योगाला गेलो, म्हटलं बरं वाटेल. दिवसभर मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, ३९ फूट इशारा, ४३ धोका, ते दोन आकडे कधीच मागं पडलेले, गोठ्यातली जनावरं कुठं हलवलीत ते फोनवर विचारायचं, असे दिवस. आणि त्या दिवशीचा विषय काय तर 'धरून ठेवलेलं सोडून द्यायला शिका, सगळं वाहून जाऊ द्या'. शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मी मधूनच उठून बाहेर गेलो. ज्याचं वाहून चाललंय त्याला हे सांगू नये.

पहाटवारा

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. हे सगळ्या शिकवणाऱ्यांनी वाचावं.

पुराच्या दिवसांत मी विषय ठेवतच नाही. भिंतीला पाय वर करून झोपायचं, गुडघ्याखाली उशी, आणि श्वास सोडायचा तो घेण्यापेक्षा लांब. बास. सोडून द्या, स्वीकारा, विश्वास ठेवा, असलं काही नाही. पंचगंगेचं, पाण्याचं, वाहण्याचं तर नावही नाही. एरवी मला पाच नद्या आणि पंचप्राण असा एक आठवडा घ्यायचा मोह आहे, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती आणि तिकडं प्राण, अपान, समान, उदान, व्यान, पण तो उन्हाळ्यात, पात्र कोरडं असताना.

सांधेवाली

लांब श्वास सोडण्याबद्दल भर. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, हे निरोगी माणसात होतंच. लोकांना हे सांगण्यापेक्षा मनगटाची नाडी धरायला लावा. दोन बोटं नाडीवर, डोळे मिटून, सावकाश श्वास सोडायचा. तरुण पोरांना तर लगेच कळतं, वय वाढलं की फरक कमी होत जातो म्हणून ज्येष्ठांना जाणवला नाही तर घाबरवू नका. परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या पोरांसाठी मी हाच विषय घेईन, 'आपली नाडी आपल्या बोटाखाली'. त्यांना अध्यात्म सांगितलं की ती खिडकीबाहेर बघतात.

चिकित्सक

बघा, हे मला पटलं. मोजता येतं. यालाही थीमच म्हणताय तर मग माझा विरोध मागे.

औंधचा_पाहुणा

उशिरा आलो. रथसप्तमी येईलच, तेव्हा सूर्यनमस्कारांचा विषय विसरू नका. आमच्या औंधच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आमच्या आजोबांच्या पिढीला ते पाठच. पण १०८ घालायची शर्यत लावू नका, दुसऱ्या दिवशी मनगटं धरून लोक बसतात. त्यापेक्षा बारा नावं घ्या, मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर, आणि एका नावाला एकच नमस्कार, अगदी सावकाश, प्रत्येक स्थितीत पूर्ण श्वास. बारा नमस्कारांत घाम फुटतो. १०८ वाले मग हळूच विचारतात अजून किती राहिलेत.

तालमीतला_गडी

आता एक माझी अडचण सांगतो. आमच्या तालमीतली चार-पाच पोरं आठवड्यातनं एकदा योगा करायचा म्हणत्यात, खांदं आन् जांघा दगड झाल्यात. पण ती पोरं आसन बी कुस्ती लढल्यागत करत्यात. दात खाऊन, श्वास धरून. त्यास्नी काय विषय द्यावा?

पहाटवारा

प्रयत्नशैथिल्य! योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं ४७ वं सूत्र, 'प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्', आसन जमतं ते प्रयत्न सैल केल्यानं. पण पैलवानांना 'सैल सोड' म्हटलं की ते सगळंच सोडून आडवे होतील. म्हणून असं करा. कुठल्याही आसनात पूर्ण ताकद लावायची, मग तुमच्या शब्दावर निम्मी करायची, मग अजून निम्मी, आणि बघायचं आसन कितीला मोडतं. त्यांना ते आव्हान वाटेल, कारण कमी ताकदीत टिकायचं आहे. खूण म्हणून श्वास ठेवा. नाकातून श्वास ऐकू येईल इतका जोरात चालला की ताकद जास्त. बद्धकोनासन, जांघेसाठी अंजनेयासन, खांद्यांसाठी गोमुखासनातले हात, पंचा धरून. हात मागं पोचणार नाहीतच त्यांचे.

तालमीतला_गडी

निम्मं, परत निम्मं. हे कळंल पोरांस्नी. लई उपकार ताई.

कळंब्याकडची

ताई, एक व्यावहारिक प्रश्न. विषय आदल्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता का? मी टाकायला लागले तर लोक ठरवून येतात, 'उद्या पुढं वाकायचंय, मी येत नाही'.

निपाणीच्या_मावशी

मी त्यातलीच.

पहाटवारा

नाही टाकत, त्याच कारणासाठी. शिवाय ग्रुपवर टाकलं की कुणीतरी त्याच्याखाली फुलांचा सुप्रभात टाकतं आणि पुढं चाळीस मेसेज. क्लास सुरू झाल्यावर एका वाक्यात सांगते. फक्त उपवास, रोजे, पूर, परीक्षा असं काही असेल तेव्हा आधी कळवते की उद्या हलकं आहे, या.

जयसिंगपूरच्या ताई, मार्दवाचा तास कसा बांधलात ते जरा सविस्तर लिहाल का, इथं नाहीतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल. संध्याकाळच्या बॅचला पुढच्या आठवड्यात घ्यायचा विचार आहे, दोरी_खुर्ची ताईंनी सांगितलेल्या जबडा-जीभ-कपाळाला जोडून. आणि भिंतीला टेकून दंडासनात हॅमस्ट्रिंग (मांडीचे मागचे स्नायू) आखडलेल्यांना बसता येत नाही, त्यांना खाली घडी घातलेलं ब्लँकेट किती उंच दिलंत?

जयसिंगपूरची

व्यनि करते. ब्लँकेट दोन घड्या, आणि तरीही पाठ मागं गोल होत असेल तर गुडघे थोडे वाकवू दिले. पाय सरळ नाही झाले तरी चालतंय, कणा सरळ पाहिजे.